वैद्यकीय महाविद्यालयाला कोट्यवधींचे अनुदान: भिवंडीच्या रुग्णापर्यंत त्यातले काय पोहोचते?

"डॉक्टर, आता म्हणे ठाणे जिल्ह्यात नवीन मेडिकल कॉलेज झाले, सरकार अजून पैसे देणार आहे. मग आता आपल्याला पेशंट घेऊन मुंबईला पळायला नको ना?"

भिवंडीतल्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न हल्ली बरेचदा विचारतात. प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही. पैसा खरोखर येतो आहे. पण तो ज्या गोष्टीसाठी येतो आणि तुम्हाला रात्री-अपरात्री जी गोष्ट हवी असते, त्या दोन्ही एकच नसतात. बातमीतला आकडा ऐकून आशा धरण्याआधी, किंवा "सगळे कागदावरच असते" म्हणून सोडून देण्याआधी, हा पैसा कसा चालतो ते एकदा समजून घ्या. ते समजले की कोणाला काय विचारायचे हेही कळते.

आधी ताजी बातमी. २४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी वैद्यकीय महाविद्यालये, पदव्युत्तर संस्था आणि सरकारी रुग्णालये यांच्या बळकटीकरणाचा पुढचा टप्पा मंजूर केला. त्यातून देशभरात ५,००० पदव्युत्तर आणि ५,०२३ एमबीबीएसच्या जागा वाढवायच्या आहेत. एका जागेमागे खर्चाची मर्यादा दीड कोटी रुपये. २०२५-२६ ते २०२८-२९ या चार वर्षांत मिळून १५,०३४.५० कोटी रुपये, त्यातले १०,३०३.२० कोटी केंद्राचे आणि ४,७३१.३० कोटी राज्यांचे.

त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, महाराष्ट्रातल्या १० नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. सगळ्यांच्या मिळून ९०० जागा. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, आणि आपल्या जिल्ह्यातले अंबरनाथ. भिवंडीतून कल्याण, उल्हासनगर ओलांडले की अंबरनाथ. म्हणजे लांब नाही. पण या दहांपैकी अनेक महाविद्यालयांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आधी परवानगी नाकारली होती आणि ती नंतर अपिलात मिळाली, हेही लक्षात ठेवा. महाविद्यालयाची पाटी लागणे आणि तिथे तुमच्या आजाराचा पूर्ण विभाग चालू होणे, यात काही वर्षे जातात.

अनुदान कशाचे मिळते?

सरकारी भाषेत याला केंद्र पुरस्कृत योजना म्हणतात. महाराष्ट्रासारख्या राज्यात साधारण ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. २०१४ पासून याच पद्धतीने जिल्हा रुग्णालयांना जोडून देशात १५७ नवी वैद्यकीय महाविद्यालये मंजूर झाली. गोंदिया आणि नंदुरबारची महाविद्यालये त्यातलीच. तेव्हा एका महाविद्यालयाचा खर्च पहिल्या टप्प्यात १८९ कोटी धरला होता, तिसऱ्या टप्प्यापर्यंत तो ३२५ कोटींवर गेला.

हा पैसा हप्त्याहप्त्याने येतो. पहिला हप्ता खर्च करायचा, राज्याने आपला वाटा टाकायचा, खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, मग पुढचा हप्ता. यात कुठेही एक कडी अडली की पुढचे सगळे थांबते. इमारतीचा सांगाडा उभा आहे आणि दोन वर्षे तसाच आहे, असे दृश्य तुम्ही कुठल्यातरी सरकारी रुग्णालयात पाहिले असेल. त्यामागे ठेकेदार असतो तसा बऱ्याचदा हा रखडलेला हप्ताही असतो.

महत्त्वाचे असे की या पैशातून प्रामुख्याने बांधकाम होते आणि यंत्रसामग्री येते. इमारत दाखवता येते, एमआरआय यंत्र दाखवता येते, त्यांचे फोटो प्रमाणपत्राला जोडता येतात. रात्रपाळीची परिचारिका, क्ष-किरण तंत्रज्ञ, रक्तपेढीतला माणूस, भूलतज्ज्ञ यांचे पगार मात्र दर महिन्याला, वर्षानुवर्षे द्यावे लागतात. ते राज्याच्या किंवा महापालिकेच्या तिजोरीतून. केंद्राचे अनुदान एकदाच येते. लग्नात भांडीकुंडी आहेरात मिळावीत आणि रोजचा किराणा आपल्यालाच भरावा लागावा, तसे हे आहे.

आणि जागा म्हणजे काय? बातमीत "जागा वाढल्या" असे वाचले की अनेकांना वाटते, खाटा वाढल्या. जागा म्हणजे विद्यार्थी. खाटांचा हिशेब वेगळा. आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार ५० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला २२० खाटांचे, तर १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय लागते. तेव्हा नवे महाविद्यालय मंजूर झाले की पहिला प्रश्न हा विचारा: या खाटा नव्या आहेत, की जिल्ह्यात आधीपासून असलेल्याच खाटांवर नवी पाटी लागली आहे? नव्या खाटा असतील तर तुमच्या जिल्ह्याची क्षमता वाढली. जुन्याच असतील तर तज्ज्ञ डॉक्टर वाढतील, उपचारांचा दर्जाही सुधारू शकेल, पण गर्दी तेवढीच राहील. उलट महाविद्यालय झाल्याचे ऐकून लांबून लोक येतात आणि ती वाढते.

रात्री दोन वाजता वॉर्डात कोण असते?

मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा जीव सांभाळण्याचे रोजचे काम कोण करते, याचा अंदाज बाहेरून येत नाही. सकाळी फेरी मारणारे प्राध्यापक तुम्हाला दिसतात. पण रात्री दोन वाजता सलाईन, ऑक्सिजन, अचानक खाली आलेला रक्तदाब, नव्याने आलेला अपघाताचा रुग्ण हे सगळे पाहणारे असतात निवासी डॉक्टर, म्हणजे एमडी किंवा एमएस करणारे पदव्युत्तर विद्यार्थी. ते पूर्ण एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात. नातेवाईक कधीकधी त्यांना "शिकाऊ" म्हणून हिणवतात, ते बरोबर नाही.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ च्या निर्णयातला माझ्या मते रुग्णांसाठी महत्त्वाचा आकडा ५,०२३ नव्हे, ५,००० आहे. एमबीबीएसची जागा आज वाढली तर ते मूल साडेपाच वर्षांनी डॉक्टर होईल. पदव्युत्तर जागेवर आलेला डॉक्टर रुजू झाल्याच्या दिवसापासून वॉर्डात काम करतो. हिशेब करून पाहा. एखाद्या महाविद्यालयाला वर्षाला २० पदव्युत्तर जागा वाढवून मिळाल्या तर अनुदानाची कमाल मर्यादा होईल ३० कोटी. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्याने तिसऱ्या वर्षी त्या रुग्णालयात ६० जास्तीचे निवासी डॉक्टर असतील. रात्रीच्या वॉर्डासाठी हा फरक फार मोठा आहे, फक्त त्यांना राहायला वसतिगृह, वेळेवर विद्यावेतन आणि वर देखरेख करायला अनुभवी शिक्षक हवेत. राज्यातले निवासी डॉक्टर संपावर जातात तेव्हा मागण्यांमध्ये विद्यावेतन आणि वसतिगृह हमखास असतात. अशा संपाची बातमी वाचताना त्यांचा राग येण्याआधी हे आठवा.

भिवंडीकरांना आतापर्यंत आधार कोणाचा? शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नाही. सात लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरासाठी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, १०० खाटांचे. त्यापलीकडचे काही लागले की कळवा, नाहीतर मुंबईत शीव, केईएम, जेजे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, चाळीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हाही जखमींना भिवंडी आणि ठाण्यातल्या रुग्णालयांमध्ये विभागून न्यावे लागले होते.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, आणि ठाणे महापालिकेचे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्या काळात ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या जुन्या इमारतीच्या जागी नवी बांधण्याचे काम सुरू असल्याने कळव्यावरचा भार वाढलेला होता. भिवंडी, शहापूर, मुरबाडकडून येणारे रुग्णही तिथेच. त्यानंतर दोनच महिन्यांत नांदेडच्या सरकारी महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळे होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोन्ही ठिकाणी महाविद्यालय होते, इमारत होती. चर्चा झाली ती अपुरी माणसे, औषधे आणि क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण यांची. अनुदानाच्या बातमीत या तीन गोष्टी शोधा, बहुतेक वेळा त्या नसतात.

कळव्याच्या बाबतीत अजून एक मुद्दा. केंद्राच्या योजनेची भाषा राज्य आणि केंद्र सरकारच्या संस्थांची आहे, कळवा महापालिकेचे आहे. जिल्ह्यातल्या इतक्या लोकांचा भार उचलणाऱ्या या रुग्णालयाच्या वाट्याला नव्या जागांपैकी किती येणार, हा प्रश्न ठाण्याच्या नगरसेवकांइतकाच भिवंडीच्या आमदार-खासदारांनीही विचारायला हवा. त्यांना तो तुम्ही विचारायला लावा.

भिवंडीच्या रुग्णालयात हे डॉक्टर येऊ शकतात का?

येऊ शकतात, आणि तेही महाविद्यालय न होता. हा भाग फार कमी लोकांना माहीत आहे.

आयोगाच्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या काळात तीन महिने जिल्हा स्तरावरच्या सरकारी रुग्णालयात काम करावे लागते. याला जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणतात. २०२३ च्या नियमांत अशा रुग्णालयाची किमान अट ५० खाटांची आहे. भिवंडीचे उपजिल्हा रुग्णालय त्या मापात सहज बसते. म्हणजे मुंबई-ठाण्यातल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर जागा वाढल्या की, नियोजन केले तर, बालरोग, स्त्रीरोग, भूलशास्त्र, औषधवैद्यक यांचे तरुण डॉक्टर पाळीपाळीने भिवंडीत असू शकतात. तीन महिन्यांनी ते जातात, दुसरे येतात. त्यांच्यावर देखरेख करायला कायम तज्ज्ञ लागतोच. पण रात्री सिझेरियनची गरज पडली आणि भूल द्यायला माणूस आहे की नाही, एवढ्यावर आईला रुग्णवाहिकेत घालायचे की नाही हे ठरते. तिथे असा एक जोडीचा डॉक्टरही मोठा असतो.

जुलै २०२५ मध्ये आयोगाने शिक्षकांच्या पात्रतेचे नियमही सैल केले. २२० पेक्षा जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयांना आता शिक्षण देणारी संस्था होता येते आणि तिथे दहा वर्षे काम केलेल्या तज्ज्ञाला सहयोगी प्राध्यापक होता येते. ठाण्याचे नियोजित ९०० खाटांचे जिल्हा रुग्णालय यात बसते, भिवंडीचे १०० खाटांचे नाही. या नियमावर वैद्यकीय वर्तुळात टीकाही झाली. मला त्यात दोन्ही बाजू दिसतात. वर्षानुवर्षे शेकडो शस्त्रक्रिया केलेला सरकारी सर्जन शिकवायला नालायक कसा? पण त्याच्याच बाह्यरुग्ण विभागात रोज मोठी रांग असेल आणि शिकवण्यासाठी वेगळा माणूस दिला नाही, तर त्याच्या हातून एक तरी काम अर्धे राहील.

महाविद्यालय झाले तर उपचार मोफत राहतील का?

हा तुमच्या खिशाचा प्रश्न आहे, म्हणून नीट वाचा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व सेवा मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात येतात. भिवंडीचे उपजिल्हा रुग्णालयही. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. तो निर्णय त्या विभागाचा नव्हता. तिथे दर कमी असतात, पण शुल्क असते. महापालिकेच्या रुग्णालयांचे दर महापालिका ठरवते.

म्हणजे एखादे जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे गेले, की नियमही बदलू शकतात. कालपर्यंत फुकट होणारी सोनोग्राफी उद्या पावती फाडून होऊ शकते. आपल्या भागात महाविद्यालयाची मागणी करणाऱ्यांनी त्या मागणीतच "मोफत सेवा चालू ठेवा" ही ओळ घालून घ्यावी. नंतर भांडण्यापेक्षा ते सोपे.

यावर सध्याचा आधार म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षण दीड लाखावरून वर्षाला ५ लाखांपर्यंत गेले. योजनेत बसणारा उपचार असेल तर सरकारी महाविद्यालयाच्या रुग्णालयातही तो त्यातून होतो, आणि त्याचे पैसे त्या रुग्णालयाला मिळतात. त्यामुळे कळव्याला किंवा मुंबईला जाताना रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, दाखल झाल्या झाल्या आरोग्यमित्राला भेटा. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवू, असा विचार करू नका. ते जवळजवळ कधीच जमत नाही. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

खासगी महाविद्यालयांबद्दलही दोन शब्द. त्यांना जागा वाढवण्याचे हे अनुदान मिळत नाही. पण त्यांचे रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल तर कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. नव्या खासगी महाविद्यालयाला मान्यतेसाठी भरलेल्या खाटा दाखवायच्या असतात, म्हणून सुरुवातीच्या काळात गावोगावी शिबिरे होतात, बस येते, मोफत उपचार होतात. त्याचा फायदा जरूर घ्या. फक्त मोठी शस्त्रक्रिया सांगितली तर पुढच्या तपासण्या आणि औषधेही मोफत आहेत का, किती महिने, हे लेखी विचारा. आणि तपासणीच्या दिवशी नुसते खाटेवर झोपायला बोलावले तर जाऊ नका. २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने महाविद्यालयांच्या तपासणीतल्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला, त्यात खोटे शिक्षक आणि खोटे रुग्ण दाखवल्याचे आरोप होते.

संशोधनाचे पैसे आणि मागाची धूळ

आता अनुदानाचा दुसरा प्रकार, जो बातमीत क्वचित येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे कोविडच्या काळात ज्याचे इंग्रजी नाव घराघरात पोहोचले ती आयसीएमआर, महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देते. यातले लहान अनुदानही दोन कोटींपर्यंत असू शकते. याशिवाय केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या योजनेतून वैद्यकीय महाविद्यालयांत विषाणू प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ती योजना २०१३ ची. २०२० मध्ये कोरोनाची तपासणी इतक्या ठिकाणी लवकर सुरू होऊ शकली, त्याचे एक कारण या आधीच उभ्या असलेल्या प्रयोगशाळा.

भिवंडीला याचे महत्त्व नोव्हेंबर २०२२ मध्ये कळायला हवे होते. मुंबई आणि मालेगावबरोबर भिवंडीत गोवराची साथ आली. नमुने तपासायला मुंबईकडेच पाहावे लागले. साथीत एकेक दिवस मोलाचा असतो.

पण मला त्याहून जास्त खटकते ते वेगळेच. लाखो माग चालणाऱ्या या शहरात, मागावर काम करणाऱ्यांपैकी किती जणांची फुप्फुसे आणि कान खराब झाले आहेत, हे मोजतो कोण?

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आठवडा सरत जाईल तसे बरे वाटते. पुढे पुढे त्रास कायमचा होतो. पाठ्यपुस्तकात याला सोमवारचा त्रास म्हटले आहे, कारण ती पुस्तके रविवारी सुट्टी असलेल्या गिरण्या पाहून लिहिली. शुक्रवारी माग बंद ठेवणाऱ्या कारखान्यात तो शनिवारी येईल, आणि डॉक्टरने "सोमवारी होते का?" एवढेच विचारले तर निदान हुकेल. सूत काढणे आणि पिंजणे या कामांत धूळ जास्त, विणकामात त्या मानाने कमी, हे खरे. पण बंद खोलीत बारा तासांची पाळी, झोपणेही तिथेच, वर विडी, असे सगळे एकत्र आले की फुप्फुसाला किती सोसते, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

कायद्याने बिसिनोसिस हा नोंद करण्याचा आजार आहे. पण दहापेक्षा कमी कामगारांचे छोटे कारखाने साधारणपणे त्या कायद्याच्या बाहेर राहतात, कामगार विमा योजनेच्याही बाहेर. तिथल्या कामगाराला खोकला झाला तर तो गल्लीतल्या दवाखान्यात जातो, बरे वाटले तर कामावर, नाही वाटले तर उत्तर प्रदेशात किंवा तेलंगणात गावी. त्याची नोंद कुठेच होत नाही. नोंद नाही म्हणून आजार नाही, आणि आजार नाही म्हणून त्यावर खर्चही नाही.

इथे महाविद्यालयाचे संशोधन अनुदान खरोखर कामाला येऊ शकते. श्वास मोजण्याचे यंत्र, दोन प्रशिक्षित माणसे, पाळीच्या आधी आणि नंतरची तपासणी, आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा श्वसनरोग किंवा जनऔषधवैद्यक विभाग. भिवंडीतली कला-विज्ञान महाविद्यालये सर्वेक्षणात भागीदार होऊ शकतात. त्यांच्या विद्यार्थ्यांची घरेच या मागांवर चालतात, भाषेचा आणि विश्वासाचा प्रश्न त्यांना येत नाही. हे हवेतले बोलणे नाही. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात केंद्राच्या योजनेतून ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र उभे आहे आणि ते परळच्या राष्ट्रीय संस्थेशी जोडलेले आहे. डहाणू २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तिथल्या उपजिल्हा रुग्णालयात जे होऊ शकते त्याची मागणी भिवंडीनेही करावी.

तोवर घरी मागावर काम करणारे कोणी असेल तर दोन गोष्टी करा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्या, ती मोफत आहे. क्षय निघाला तर औषधे मोफत आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. तपासणीत क्षय नाही निघाला तरी "काही नाही" म्हणून परतू नका. डॉक्टरांना तुमचे काम सांगा, किती वर्षे, कोणत्या दिवशी जास्त त्रास होतो ते सांगा आणि श्वासाची चाचणी करायची का ते विचारा.

कोणी तुमच्यावर संशोधन करायला आले तर

अनुदान आले की संशोधक तुमच्या दारात किंवा खाटेपाशी येतात. एमबीबीएसचे विद्यार्थीही आयसीएमआरच्या छोट्या शिष्यवृत्तीवर प्रकल्प करतात. घाबरू नका, पण तुमचे हक्क माहीत असू द्या. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे. भिवंडीत ती मराठी, उर्दू, हिंदी किंवा तेलुगू असू शकते. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवे. संशोधनासाठी लागणाऱ्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. "नाही" म्हटले तर तुमच्या नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये, आणि हो म्हटल्यावरही मधेच बाहेर पडता येते. नव्या औषधाची चाचणी असेल तर ती राष्ट्रीय नोंदवहीत नोंदलेली असावी लागते, तो नोंदणी क्रमांक मागा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, त्यावर आचारसमितीचा संपर्क असतो. आणि शेवटी निष्कर्ष काय निघाला हे विचारा. मागाच्या धुळीचा अभ्यास करून शोधनिबंध छापला गेला आणि माग चालवणाऱ्याला त्यातले काही कळलेच नाही, असे होऊ देऊ नका.

पुढच्या वेळी मंत्रिमहोदय किंवा नेते भिवंडीत येऊन आरोग्यासाठी इतके कोटी मंजूर झाल्याचे सांगतील, तेव्हा त्यांना विचारण्यासारखे बरेच आहे. खाटा नव्या की जुन्या? रात्रपाळीची पदे मंजूर झाली का, आणि भरली का? इथल्या उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा निवासी कार्यक्रमातले डॉक्टर कोणत्या महिन्यापासून, कोणत्या विषयांचे? मोफत सेवा चालू राहणार का? सभेत विचारणे जमले नाही तर माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर, १० रुपयांच्या शुल्कात हेच प्रश्न रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारता येतात, आणि त्याला साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.